ध्यानाची सुरुवात करणाऱ्यास चार गोष्टी

सप्रेम नमस्कार. शांततेचा अनुभव ओळखायचा कसा आणि त्यासाठी आधी काय वाचावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, पहिले काही महिने वाचन बाजूलाच ठेवावे.

सकाळी, ठाण्याची लोकल गाठण्याची धांदल सुरू होण्यापूर्वी, 20 मिनिटे बसून नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास, तो लांबवण्याचा वा आवरण्याचा प्रयत्न न करता, आहे तसा जाणावा. विपश्यना या बौद्ध परंपरेतील ध्यानपद्धतीच्या 10 दिवसांच्या शिबिरातही आरंभीचे तीन दिवस हाच अभ्यास असतो. (नवी मुंबईत बेलापूरला पारसिक टेकडीवर असे केंद्र आहे, मात्र तेथे जाण्याची घाई नको.)

आरंभी हमखास होणाऱ्या चुका अशा:

- प्रकाश, नाद, रोमांच यांची वाट पाहणे. खरी खूण फार साधी असते: राग उसळताना छाती आवळते हे तोंडून शब्द निघण्याआधीच जाणवते, आणि थोडे थांबल्यास तो राग ओसरतो हेही आपले आपल्यालाच दिसते. अनित्यतेवरील, म्हणजे काहीच कायम टिकत नाही या विचारावरील, व्याख्यानांतून पटलेले आणि असे दिसलेले यांत मोठे अंतर आहे.
- अनुभव आला की लगेच त्याला नाव देणे, किंवा घरीदारी सांगत सुटणे.
- कालची शांतता आजही मागणे.

मन भटकणारच, ते लक्षात येताच पुन्हा श्वासाकडे यावे. चक्रे, समाधीचे प्रकार वगैरे विषय तूर्त नकोत. गुडघे दुखत असल्यास खुशाल खुर्चीवर बसावे.