भिलवडीजवळ कृष्णेत दिसलेली मगर रुंद तोंडाची होती, ती ॲलिगेटर असू शकते का? दोघांत फरक काय?

नाही हो, ती क्रोकोडाइलच. भारतातल्या नद्यांमधे ॲलिगेटर नाहीतच, ते फक्त अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि अगदी थोडे चीनमधे यांगत्से नदीच्या खालच्या अंगाला. पण तुमचा गोंधळ का झाला ते कळतंय, नेटवर जिथेतिथे यू आकाराचं तोंड म्हणजे ॲलिगेटर आणि व्ही म्हणजे क्रोकोडाइल असं ठोकून दिलेलं असतं आणि नेमका तोच नियम आपल्या मगरीला लागू पडत नाही, क्रोकोडाइलच्या सगळ्या जातींमधे सगळ्यात रुंद थोबाड हिचंच.

म्हणून आकाराचा नाद सोडा आणि दात बघा. ॲलिगेटरचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे तोंड मिटलं की खालचे दात वरच्या जबड्यातल्या खड्ड्यांत जाऊन बसतात, बाहेरून फक्त वरचे दिसतात. क्रोकोडाइलचा खालचा चौथा दात मात्र तोंड बंद असतानाही बाहेर दिसतो, वरच्या जबड्याला तिथे बाजूने खाच असते तिच्यात तो बसतो. अडचण एवढीच की काठावर ऊन खात पडलेली मगर बऱ्याचदा आ वासूनच असते, म्हणजे तोंड मिटेपर्यंत थांबा (आणि लांबूनच हं, दुर्बीण किंवा कॅमेऱ्याचा झूम वापरा, काठावर उतरायचं अजिबात नाही).

दुसरा मोठा फरक खाऱ्या पाण्याचा. क्रोकोडाइलच्या जिभेवर जादाचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, ॲलिगेटरला ती सोय नाही म्हणून तो शक्यतो गोड्या पाण्यात. आपली मगर तशी नदी-तळ्यातलीच, पण गोव्यात मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याच्या मचूळ पाण्यातही ती मजेत राहते. ओडिशातल्या भितरकणिकाची खाऱ्या पाण्यातली मगर (ही वेगळी जात) तर थेट समुद्रात पोहत जाते.

थंडीत मात्र ॲलिगेटर भारी. तळं गोठलं तर नाकाचं टोक बर्फाच्या वर ठेवून नुसता पडून राहतो. क्रोकोडाइलला एवढी थंडी झेपत नाही.

दोघं एकाच ठिकाणी बघायचे असतील तर दक्षिण फ्लोरिडाला जावं लागेल, जंगलात एकत्र राहतात ते तिथेच.