पातळ सुती कापडाचा सैलसर शर्ट शिवताना गळा का पसरतो आणि कॉलर ताठ का होते?

तुम्ही लिहिलंय की एक माप मोठं पॅटर्न (कापड कापायचा कागदी नमुना) घेऊन शर्ट बेतला. अंगात सैल झाला, पण गळा पसरला, खांदे लोंबले आणि कॉलर आत पुठ्ठा घातल्यासारखी उभी राहिली. माझ्या पहिल्या शर्टाची हीच गत होती. शिवाय कापड आधी भिजवलं नव्हतं, म्हणून तो पहिल्याच धुण्यात आखूड झाला.

मोठं पॅटर्न घेतलं की घेराबरोबर गळा आणि खांदाही वाढतो, आणि ते कुणालाच नको असतं. ही दोन मापं तुमचीच ठेवा, सैलपणा फक्त छातीत द्या. छाती 38 इंच असेल तर नेहमीच्या शर्टाचा तयार घेर 42 च्या आसपास असतो. सैलसरसाठी 46 धरा. वाढलेले चार इंच पुढच्या-मागच्या चार बाजूंना वाटले की प्रत्येक कडेला जेमतेम एक इंच येतो. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, साधारण इंचभर खाली उतरवा. इथे बरेच जण फसतात. मुंढा उतरवला आणि बाहीचा उभार (वरच्या गोलाईची उंची) तसाच ठेवला, तर हात वर केला की अख्खा शर्ट वर खेचला जातो. म्हणून उभार कमी करून बाही दंडात रुंद करा, आणि बाहीची वरची गोलाई टेपने मुंढ्याशी ताडून पाहा. बाही अर्ध्या इंचापर्यंत जास्त भरली तर चालेल, त्याहून जास्त नको. अशी पसरट बाही चुण्या न पडता बसते, आणि बाजूची शिवण घालायच्या आधीच सपाट जोडता येते. मग बाही आणि बगल एकाच टिपेत बंद.

आता कॉलर. तुम्ही बहुतेक फॉर्मल शर्टाचं फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं ताठ अस्तर, वापरलंत. इतक्या हलक्या कापडाला ते झेपत नाही. मी फ्यूजिंग सोडूनच दिलंय. त्याच कापडाचा तिसरा पदर, उभा धागा तोच ठेवून, आत घालते. कापड छापील असेल तर आतला पदर पांढऱ्या कॅम्ब्रिकचा (पातळ, घट्ट विणीच्या सुती कापडाचा) घ्या, नाहीतर छापाची सावली वर दिसते. आणि पहिल्या खेपेला बँडची, म्हणजे गळ्याशी उभी पट्टी असलेली, कॉलर करूच नका. बँड नसलेली, पुढे उघडी पडणारी कॅम्प कॉलर सैल शर्टाला शोभतेही जास्त.

कॉलरचा खालचा पदर वरच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान कापा आणि शिवताना किंचित ताणून जुळवा. त्यामुळे शिवण आपसूक आत वळते, बाहेर डोकावत नाही. टोकाला एकदम वळू नका, तिथे एक टाका तिरपा घ्या, म्हणजे कापडाला वळायला जागा मिळते. उलटवल्यावर कात्रीच्या टोकाने कोपरा काढायचा मोह आवरा. मी आवरला नव्हता, आणि भोक नेमकं कॉलरच्या टोकालाच पडलं.

गळा पसरायला आणखी एक कारण असतं. गोलाईचा बराच भाग उरेबात, म्हणजे धाग्याला तिरपा, येतो, आणि नुसतं उचललं-ठेवलं तरी पातळ कापड तिथे ताणतं. कटिंग झाल्या झाल्या, इतर काही जोडायच्या आधी, गळ्याच्या शिवणरेषेच्या जरा बाहेर, मार्जिनमध्ये (शिवणीसाठी सोडलेल्या जागेत) एक साधी टीप मारून ठेवा. दोन मिनिटांचं काम, पण मी ते कधीच चुकवत नाही.

कापड कॅम्ब्रिक किंवा पातळ पॉपलिन घ्या. मलमल घालायला सुरेख, शिवायला छळवादी. घ्यायचीच असेल तर धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून मगच बेता. कॅम्ब्रिकला 11 नंबरची सुई, मलमलीला 9 ची. टाका दोन-सव्वादोन मिलिमीटर. शिवणीच्या सुरुवातीला मशीन कापड खाली ओढून गिळत असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवा, नंतर ती फाडून काढता येते.

आतल्या कडांना इंटरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून मशीनने घातलेली गुंफण) नसलं तरी अडत नाही. उलट्या बाजू एकमेकींना लावून सहा मिलिमीटरवर टीप मारा, मार्जिन निम्मं कापा, कापड उलटवून इस्त्री करा आणि सात-आठ मिलिमीटरवर पुन्हा टीप मारा. सुटे धागे आत बंद होतात. यासाठी बेततानाच दीड सेंटीमीटर मार्जिन धरा.

काजं मात्र आधी उरलेल्या तुकड्यावर, तेवढेच पदर घेऊन करून बघा. पातळ कापडावर उसवलेल्या काजाच्या खुणा जात नाहीत. पहिलं बटण छातीच्या उंचीवर लावा. गळ्याशी बटण द्यायच्या भानगडीत पडू नका, कॅम्प कॉलर उघडीच राहायची असते.