केशरी कार्डावर माझ्या खलाशी भावाचं ऑपरेशन मोफत होतं का? पैसे कोण भरतं?

हो, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवर खलाशी असलेल्या तुमच्या भावाचं ऑपरेशन केशरी रेशनकार्डावर मोफत होऊ शकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. २०२३ च्या शासन निर्णयानं ते दीड लाखावरून वाढवलं आणि पांढरं कार्डही आत घेतलं. पैसे सरकारच भरतं: केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेच्या यादीतल्या कुटुंबांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के, बाकीच्यांचा सगळा भार राज्यावर. मात्र उपचार योजनेच्या यादीत हवा आणि रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं हवं. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. कोकणातल्या माणसाला खरा फटका बसतो तो वेगळाच. मोठ्या शस्त्रक्रियेला बहुतेक वेळा कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. रुग्णाचं घरी परतायचं एसटी भाडं पॅकेजमध्ये धरलेलं असतं, पण सोबत गेलेल्याची खोली, जेवण आणि ऐन हंगामात बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. रेशनकार्ड नि आधार घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा. त्याच्याशी बोलल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.