मनगट दुखतंय, पण टाच बघ

प्रश्न : सर, मी कराड तालुक्यातला, वय 19. शाळेपासून तालमीत होतो, आता साताऱ्याला बॉक्सिंग शिकतोय. बॅगवर उजवा जोरात हाणला की मनगट ठणकतं. मित्र म्हणतात, पुशअप्स वाढव. माझी ताकद कमी पडतेय का?

उत्तर : 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचं ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव तुझ्याच तालुक्यातले, गोळेश्वरचे. तिथल्या पैलवान पोराला मी ताकद शिकवायला नको. तुझी सवय कुस्तीची आहे, एवढंच. तालमीत आपण पुढं झुकतो, बोटं पकडीसाठी उघडी ठेवतो. तसंच झुकून मारलंस की पंच लागत नाही, ढकलला जातो. बॅग लांब झुलते आणि परत येताना पुढच्या ठोशाला मनगट मुडपते. नीट बसलेल्या पंचानं बॅग जागच्या जागी थडकते. कानानंही कळतं.

आता टाच. डावं पाऊल पुढं, उजवं मागं, उजवी टाच जराशी उचललेली. चवड्यावर फिरून ती टाच बाहेर वळव. तिच्यामागोमाग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. पोरं नेमकं उलटं करतात, आधी हात फेकतात आणि पाय जमिनीत रोवलेलेच! मूठ वाटेत सैल असू दे, लागताना आवळ. अंगठा बाहेर, बोटांवर आडवा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठी बॅगला लागल्या पाहिजेत, आणि मुठीची पाठ कोपरापर्यंत एका रेषेत. करंगळीकडची गाठ आपटली तर तिच्यामागचं हाड मोडतं. त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात खरं, पण ते मुरलेल्या बॉक्सरपेक्षा रागानं भिंतीवर ठोसा मारणाऱ्यांनाच जास्त होतं.

डावा हात गालाशी, हनुवटी खाली. मारलेला उजवा गेला त्याच वाटेनं परत. पैलवान इथं हमखास हात खाली सोडतात.

दुखणं थांबेपर्यंत बॅगला हात लावू नकोस. आरशासमोर सावकाश शॅडो कर, म्हणजे हवेतच ठोसे मार, नजर टाचेवर. पुशअप्स नंतर, मुठीवर, सतरंजी घालून. ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायची साडेचार मीटरची पट्टी घे, मनगटाला तीन-चार वेढे आधी दे. क्लबातले पिचलेले ग्लोव्ह्ज घालून बॅग मारायची तर न मारलेली बरी.

आणि एक तपास आजच कर. अंगठा ताणला की मनगटाशी खळगा पडतो, तिथं दाबून बघ. दुखलं तर हाडांच्या डॉक्टरकडं जा आणि बॉक्सिंग करतो हे आवर्जून सांग. त्या खळग्याखालच्या बारक्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही.