सोसायटीतल्या अशोकाची साल चालेल का?

प्रश्न : माझे वय ४४ आहे. काही महिन्यांपासून पाळीच्या वेळी अंगावरून फार जाते. आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत अशोकाची उंच झाडे आहेत. त्यांची साल काढून घरीच काढा करून घेतला तर चालेल का? – एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : चालणार नाही, कारण मुळात तो औषधातला अशोक नव्हे. मुंबईत कुंपणाला सर्रास लावलेले, सरळसोट वाढणारे, लांबट व लहरी काठाच्या पानांचे झाड म्हणजे आसुपालव. ते सीताफळाच्या कुळातले आहे. ग्रंथांतला अशोक, म्हणजेच सीतेचा अशोक, शेंगा धरणारा असून त्याच्या एकाच देठावर पर्णिकांच्या अनेक जोड्या असतात, कोवळी तांबूस पालवी मरगळल्यासारखी लोंबते आणि वसंतात थेट फांद्यांवर नारिंगी फुलांचे गुच्छ येऊन ते हळूहळू लाल होतात. राणीच्या बागेत तो एकदा पाहिलात की पुन्हा गल्लत होणार नाही. बाजारात मात्र अशोकाच्या नावाने आसुपालवाची साल मिसळली जाते, तेव्हा सुटी साल आणण्याचा मोहही टाळावा.

खऱ्या अशोकाची साल तुरट व शीत गुणाची असल्याने रक्तप्रदरात, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या तक्रारीत, ती दुधात आटवून देण्याची रीत चक्रदत्त या जुन्या आयुर्वेदीय ग्रंथात सांगितली आहे. अशोकारिष्ट या तयार औषधासाठी सालीच्या काढ्यात गूळ व धायटीची फुले घालून तो आंबवतात. त्यातून आपोआप मद्यार्क तयार होतो, म्हणून मधुमेह किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ते मनाने घेऊ नये. (दुकानात ते चिठ्ठीशिवाय सहज मिळते, ही गोष्ट मला फारशी बरी वाटत नाही.)

तुमच्या वयात, स्राव थोपवण्याआधी तो कशामुळे वाढला हे कळणे अधिक महत्त्वाचे आहे. गर्भाशयातील गाठी, थायरॉइडचा बिघाड, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची अवाजवी वाढ, यांपैकी काहीही असू शकते आणि अस्तराच्या बाबतीत उशीर महागात पडतो. म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी, सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिनची चाचणी करून घ्या, आणि ते अहवाल घेऊनच वैद्यांकडे जा. वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयातही सल्ला मिळू शकेल. दर तासाला पॅड बदलावे लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र यातल्या कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठा.