सिंधू जिंकली, तरी संघ हरला कसा?

प्रश्न : २०१८च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत पी. व्ही. सिंधूने आपला एकेरीचा सामना जिंकूनही भारतीय महिला बॅडमिंटन संघ जपानकडून हरला. उलट २०१४ मध्ये इंचॉनला उपांत्य फेरीत हरूनही आपल्याला कांस्यपदक मिळाले. हे कसे? – एक वाचक, सातारा

उत्तर : सांघिक लढतीत तीन एकेरी व दोन दुहेरी असे पाच सामने आलटून-पालटून ठेवलेले असतात आणि एका संघाने तीन जिंकले की लढत तिथेच संपते. एकेरीतील क्रम जागतिक क्रमवारीनुसार लागत असल्याने अव्वल खेळाडूची गाठ बहुधा प्रतिस्पर्ध्यांच्या अव्वल खेळाडूशीच पडते.

जकार्तात सिंधूने अकाने यामागुचीला हरवले, परंतु सायना नेहवाल नोझोमी ओकुहाराकडून पराभूत झाली आणि दुहेरीचे दोन्ही सामनेही हातचे गेले. दुसऱ्या दुहेरीत अश्विनी पोनप्पाच्या साथीला सिंधूलाच उतरवावे लागले आणि समोर होती रिओ ऑलिंपिकची सुवर्णविजेती ताकाहाशी-मात्सुतोमो जोडी. एकेरीच्या खेळाडूवर अशी वेळ यावी, यातच दुहेरीतले आपले दुखणे दिसते. वृत्तपत्रांचे मथळे मात्र एकेरीभोवतीच फिरतात. जपानने पुढे चीनलाही नमवून सुवर्णपदक जिंकले.

इंचॉनला उपांत्यपूर्व फेरीत थायलंडविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना पी. सी. तुलसीने निर्णायक एकेरी जिंकली. तिचे नाव आज फारसे कुणाच्या लक्षात नाही, पण ते पदक तिचेही तितकेच आहे. पुढे यजमान दक्षिण कोरियाने आपल्याला ३-१ असे हरवले. या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी सामना होत नाही. उपांत्य फेरीत हरलेल्या दोन्ही संघांना कांस्यपदक दिले जाते.

भक्कम संघ कसा असतो, हे २०२३ मध्ये हांगझोऊच्या अंतिम लढतीत दिसले. आन से-यंगने पहिली एकेरी, बेक हा-ना व ली सो-ही यांनी दुहेरी आणि किम गा-उनने दुसरी एकेरी जिंकून कोरियाने चीनला त्यांच्याच भूमीवर ३-० असे हरवले. भारत त्याच स्पर्धेत थायलंडकडून ०-३ असा गारद झाला होता.

तथापि २०२४ मध्ये मलेशियात आशियाई सांघिक अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत याच थायलंडला भारताने ३-२ असे नमवले. त्यात सिंधूचा एक विजय होता, दुसरा ट्रीसा जॉली-गायत्री गोपीचंद या दुहेरीच्या जोडीचा आणि निर्णायक तिसरा अनमोल खरब या किशोरवयीन मुलीचा.