हूकने पेशी पाहिली, मग सिद्धांताला पावणेदोनशे वर्षं का लागली?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. पुस्तकात लिहिलंय रॉबर्ट हूकने 1665 साली पेशी शोधली, आणि थोडं खाली पेशी सिद्धांत 1838-39 चा. ती विचारते, मधली पावणेदोनशे वर्षं सगळे काय करत होते? मला सांगता येईना. आणि आदिकेंद्रकी, दृश्यकेंद्रकी पाठ झालंय पण फरक डोळ्यासमोर येत नाही. रक्तातल्या लाल पेशीत केंद्रक नसतं म्हणे, मग ती आदिकेंद्रकी का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुलीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. हूकने काय केलं, तर बाटलीला लावतात त्या बुचाची धारदार चाकूने एकदम पातळ चकती काढली, बूच पांढुरकं म्हणून ती काळ्या प्लेटवर ठेवली आणि मायक्रोस्कोपमधून बघितली. मधाच्या पोळ्यासारखी खोकी दिसली, हिशोब केला तर एका घनइंचात सव्वाशे कोटी! त्यांना त्याने 'सेल' म्हटलं, म्हणजे छोटी खोली. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल, आतलं सगळं केव्हाच वाळून गेलेलं, उरल्या होत्या नुसत्या भिंती. ओसाड चाळीतल्या खोल्या बघून तिथली बिऱ्हाडं कशी राहायची ते कसं कळणार? त्याला वाटलं झाडातला रस वाहून न्यायची ही सोय असावी.

तिकडे हॉलंडमध्ये डेल्फ्ट गावात लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता, स्वतः भिंगं घासायचा. त्याने तळ्याच्या पाण्यात वळवळणारे जीव पाहिले, 1683 मध्ये दातावरच्या किटणातले बॅक्टेरियाही पाहिले. पण बुचातली खोकी आणि हे जीव यांचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येणार तरी कसं, त्यात त्या काळच्या मायक्रोस्कोपमध्ये कडांना रंगीत झालर यायची, बारीक काही धड दिसायचंच नाही. 1830 च्या सुमारास चांगली भिंगं आली आणि मग गाडी सुटली. 1831 मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ऑर्किडच्या पेशीत केंद्रक, म्हणजे पेशीच्या आतला गोल ठिपका, दिसलं. श्लायडेन आणि श्वान हे दोघे जर्मन शास्त्रज्ञ. श्लायडेन वनस्पतींवर काम करायचा, श्वान प्राण्यांवर, एकदा जेवताना श्लायडेनने केंद्रकाचा विषय काढला आणि श्वानला आठवलं की अरे, हे तर मी प्राण्यांतही पाहिलंय! झाडं काय, प्राणी काय, सगळे पेशींचे, हा सिद्धांत तिथून आला.

पण त्यात एक मोठी चूक होती, आणि शाळेत ती सांगत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. पाकात खडीसाखरेचे खडे धरतात तशा नव्या पेशी द्रवातून आपोआप जमतात असं दोघांना वाटायचं. ही चूक दाखवली बर्लिनच्या रॉबर्ट रेमाक या शास्त्रज्ञाने. कोंबडीच्या गर्भातल्या रक्तपेशी एकीच्या दोन होताना त्याने पाहिल्या, वर्षानुवर्षं बघत राहिला आणि 1852 मध्ये ठामपणे लिहिलं की पेशी पेशीपासूनच होते. 1855 मध्ये फिर्खो या जर्मन डॉक्टरने हेच वाक्य गाजवलं, रेमाकला श्रेय न देता, आणि पुस्तकात नाव राहिलं फिर्खोचं. रेमाक ज्यू होता, धर्म बदलायला तयार नव्हता, म्हणून बर्लिनमध्ये पूर्ण प्रोफेसरपद त्याला कधीच मिळालं नाही. मुलीला हे नाव वहीत लिहून ठेवायला सांगा.

आता प्रकार. आदिकेंद्रकी म्हणजे एका खोलीतला संसार. बॅक्टेरिया घ्या, डीएनएची गुंडाळी तशीच मधे पडलेली, तिच्याभोवती पडदा नाही, साइझ साधारण 1 ते 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दृश्यकेंद्रकी म्हणजे वेगवेगळ्या खोल्यांचं घर, डीएनए केंद्रकाच्या पडद्याआड, ऊर्जेसाठी तंतुकणिका, साइझ बहुधा 10 ते 100 मायक्रॉन. झाडांच्या पेशीला वरून भित्तिका म्हणजे भिंत, हिरव्या भागात हरितलवकं, म्हणजे उन्हातून अन्न बनवणारे हिरवे कण. गंमत म्हणजे तंतुकणिका स्वतः कोणे एके काळी बॅक्टेरियाच होत्या, मोठ्या पेशीत शिरल्या आणि तिथेच राहिल्या, अजून त्यांचा स्वतःचा डीएनए आहे.

लाल पेशी आदिकेंद्रकी नाही. हाडांच्या मगजात तयार होताना तिला केंद्रक असतं, रक्तात यायच्या आधी ती ते बाहेर टाकते, ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला जागा होते, मग साधारण 120 दिवस जगते.

फरक डोळ्याने बघायचा असेल तर शाळेच्या लॅबमध्ये गालाच्या आतून टूथपिक हलकेच फिरवून स्लाइड करा, मिथिलीन ब्लूचा थेंब टाका आणि 400 पटीवर बघा. फिकट निळी पसरट पेशी दिसेल, मधे गडद ठिपका ते केंद्रक. मग फोकस अगदी हळू फिरवत पेशीच्या अंगावर बघा, सुईच्या टोकाएवढे गडद निळे कण चिकटलेले दिसतील, ते तोंडातले बॅक्टेरिया. दोन्ही प्रकार एकाच नजरेत! सकाळी दात घासायच्या आधी स्लाइड घेतली तर जास्त सापडतात.